ग्रीस गाडीने, आजीसकट

आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी आणि ग्रीस फिरायचा चांगला हंगाम यांची गाठ सोयीची पडते. मेचा दुसरा पंधरवडा आणि जूनचा पहिला आठवडा या काळात अथेन्समध्ये दुपारचं तापमान साधारण पंचवीस ते तीसच्या दरम्यान असतं, डोंगरात त्याहून कमी. जुलै-ऑगस्टमध्ये तेच शहर चाळिशी गाठतं. उष्णतेच्या लाटेत अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागतं; २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही उन्हाळ्यांत तसं झालं. वणव्यांचा हंगामही तोच. शिवाय १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो आणि त्याच्या आगेमागे निम्मा देश गावाकडे निघालेला असतो. युरोपातल्या कुटुंबांना शाळांमुळे नेमकं याच दिवसांत यावं लागतं. आपल्याला ती सक्ती नाही, तेव्हा हा फायदा सोडू नये.

आमच्या घरी तारखा ठरवते ती द्राक्षबाग. निफाड तालुक्यात एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पुढे विरळणी उरकली की पावसाआधी जरा उसंत मिळते. त्या उसंतीत धाकट्या दिरावर बाग सोपवून आम्ही निघालो: मी, नवरा, आठवीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. बागेचे हिशेब मी ठेवते, म्हणून सहलीची वहीही माझ्याकडेच आली.

आधी काय सोडायचं ते ठरवा

ग्रीसची जाहिरात म्हणजे सांतोरिनीचे निळे घुमट. त्यामुळे पहिला आराखडा करताना प्रत्येकाच्या यादीत दोन-तीन बेटं येतातच. माझं मत मात्र ठाम आहे: लेकरं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल, तर पहिल्या खेपेला बेटं सोडावीत. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे बॅगा बांधा, बंदर गाठा, बोटीची वाट बघा, यात अख्खा दिवस जातो. भाड्याची गाडी बोटीवर चढवायला कंपनीची वेगळी परवानगी लागते आणि बोटीवर असताना विमा बहुधा लागू नसतो. मुख्य भूमीवर हे काही नाही. समुद्र तिथेही आहे, डोंगर आहेत, आणि शाळेच्या इतिहासात वाचलेली बहुतेक नावं तिथल्याच रस्त्यांवर लागतात.

थेसालोनिकीही आम्ही सोडलं. अथेन्सपासून ते सुमारे पाचशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस निव्वळ हमरस्त्यावर. राहिला तो एक गोल: अथेन्स, कॉरिंथचा कालवा, नाफ्प्लिओ, ऑलिंपिया, रिओचा पूल, डेल्फी, मेटेओरा आणि थर्मोपिलीवरून परत अथेन्स. यात सगळ्यात लांबचा टप्पा शेवटचा, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा. अथेन्स आणि नाफ्प्लिओला तीन-तीन रात्री, ऑलिंपियाला एक, डेल्फी आणि मेटेओराला दोन-दोन आणि शेवटची रात्र अथेन्सच्या विमानतळाजवळ, असा हिशेब धरावा. दिवसाला प्राचीन अवशेषांचं एकच ठिकाण, तेही सकाळी. दुसरं ठिकाण दाखवायला नेलं की मुलांना सगळे खांब सारखे दिसू लागतात.

कागदपत्रं

ग्रीस शेंगेन देशांत मोडतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण उन्हाळ्याआधी भेटीच्या वेळा भराभर संपतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करावी. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा प्रत्येकाला लागतो. ज्येष्ठांचा हप्ता जास्त बसतो, आणि आधीपासून असलेल्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी वाचावं. शेतीचं उत्पन्न असलेल्यांनी सातबारा, माल विकल्याच्या पट्ट्या आणि बँकेचा खातेउतारा नीट लावून द्यावा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येण्याजोगीच घ्यावीत.

गाडी चालवणाऱ्याला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवाच. तो आपल्या आरटीओतून मिळतो: नमुना ४अ, हजार रुपये शुल्क, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही सोबत ठेवायचं. एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्याला किंमत नाही.

आणखी एक तारीख बघून ठेवावी. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर पुष्कळदा एप्रिलच्या मध्यानंतर किंवा मेमध्ये येतो; २०२७मध्ये तो २ मेला आहे. त्या दोन-चार दिवसांत दुकानं बंद, रस्ते भरलेले आणि खोल्या महाग असतात.

गाडी कुठून घ्यायची

अथेन्समध्ये गाडी नको. गल्ल्या अरुंद, पार्किंग मिळत नाही, आणि मेट्रो उत्तम आहे. आम्ही शहर आधी पायी आणि मेट्रोने पाहिलं. निघायच्या सकाळी मेट्रोनेच विमानतळ गाठला आणि तिथे गाडी ताब्यात घेतली. विमानतळाला अत्तिकी ओदोस हा बाह्य महामार्ग थेट जोडलेला आहे; त्यावरून शहरात न शिरता कॉरिंथच्या वाटेला लागता येतं. डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणं, ही सवय पहिल्या तासात रुंद, सरळ रस्त्यावर झालेली बरी.

ग्रीसमध्ये भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. गिअर उजव्या हाताला येतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने चार पैसे जास्त मोजून ऑटोमॅटिक घ्यावी, आणि ती लवकर ठरवावी, कारण संख्या थोडी असते. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत. मोठ्या डिकीची गाडी घ्यावी. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवली जाते, डेबिट कार्डाला अनेक ठिकाणी नकार मिळतो. विमा ‘पूर्ण’ म्हणून विकला तरी टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात येतो का, हे विचारून घ्यावं. गाडी घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढावा. एक मीटर ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लहान मुलांची खास सीट लागते. ती गाडीसोबतच नोंदवायची.

महामार्गावर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी १३० किलोमीटर आहे. टोलनाके थोड्याथोड्या अंतराने येतात, रोख आणि कार्ड दोन्ही चालतं. पेट्रोल लिटरला पावणेदोन युरोच्या आगेमागे. पंपावर बहुधा माणूस येऊन भरून देतो, आपल्यासारखंच. पाट्यांवर गावाचं नाव आधी ग्रीक लिपीत पिवळ्या अक्षरांत येतं, मग रोमन लिपीत पांढऱ्या. मुलाने गणितातल्या पाय, सिग्मा, थीटा, डेल्टाच्या भांडवलावर ग्रीक मोठी अक्षरं घरीच शिकून ठेवली होती, आणि पूर्ण प्रवासात रस्ता सांगायचं काम त्याच्याकडे होतं. मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरी भागात त्याचा उपयोग झाला.

दोन पदरी रस्त्यावर एक स्थानिक रिवाज कळला. हळू चालणारा उजवीकडे सरकून कडेच्या पट्टीवर अर्धी गाडी घालतो आणि मागच्याला वाट देतो. आपण मधोमध चाललो तर मागून दिव्यांची उघडझाप सुरू होते. नवरा पहिल्या दिवशी वैतागला. पुढे तोही मुकाट कडेला सरकू लागला. वळणावळणांवर खांबावर बसवलेली चर्चची छोटी प्रतिकृती दिसते, आत तेलाचा दिवा आणि संताचं चित्र. त्या जागी अपघात झाला, कुणी गेलं किंवा कुणी वाचलं, याची ती खूण. सासूबाईंना हे कळल्यापासून तशी पेटी दिसली की त्या गाडीतूनच हात जोडत आणि गाडी चालवणाऱ्या लेकाला म्हणत, “बाळा, जरा हळू घे.”

वाटेतली ठिकाणं

अथेन्सहून तासाभरात कॉरिंथचा कालवा लागतो. लांबी ६.४ किलोमीटर, रुंदी जेमतेम पंचवीस मीटर, आणि दोन्ही बाजूंना उभा कापलेला खडक. रोमन सम्राट नीरोने खोदाई सुरू केली होती, कालवा पुरा झाला १८९३मध्ये. पुलावरून पाहायला अर्धा तास पुरतो.

त्यानंतर नेमेआचा द्राक्षपट्टा येतो आणि तिथे आमच्या वेळापत्रकाला सुट्टी मिळाली. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली ती घेतलीच. वेली कमरेएवढ्या, मांडव नाही, आणि मेअखेरीला त्यांचा फुलोरा चाललेला. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडीबार, कारण नाशिकच्या हवेत वेल झोपत नाही, तिला छाटून वळण लावावं लागतं. तिथे हिवाळ्याच्या थंडीत वेल स्वतःच विश्रांती घेते. एक छाटणी पुरते आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते. तिथल्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराला आमची भाषा कळेना, आम्हाला त्याची. तरी पान उलटं करून भुरी दाखवण्याची खूण दोघांचीही एकच निघाली. सहल आखताना असा एखादा तास कुणाच्या तरी आवडीसाठी मोकळा ठेवावा.

मुक्कामाला नाफ्प्लिओसारखं गाव नाही. आधुनिक ग्रीसची ही पहिली राजधानी. १८३४मध्ये ती अथेन्सला हलली. बंदरात बुर्द्झी हा छोटा जलदुर्ग आहे, डोक्यावर पालामिदीचा किल्ला. पायऱ्या ९९९ असल्याचं सांगतात. ज्येष्ठांसाठी मागच्या बाजूने थेट दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे. जवळच कराथोना आणि तोलो हे समुद्रकिनारे, म्हणजे मुलांची दुपार निकालात निघते.

नाफ्प्लिओहून अर्ध्या तासावर मायसीनी आणि तितक्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला एपिडॉरस. मायसीनीचं सिंहद्वार सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं. १८७६मध्ये उत्खनन करणाऱ्या श्लीमनला इथे मिळालेला सोन्याचा मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तो आधी पाहून ठेवला तर मायसीनीत मुलांची उत्सुकता टिकते. एपिडॉरसच्या खुल्या नाट्यगृहात ५५ ओळी आहेत आणि उन्हाळ्यात तिथे आजही प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात. सासूबाई दम खात खात निम्म्यापेक्षा वर जाऊन बसल्या. खाली गोल मंचाच्या मध्यभागी मुलगी उभी राहिली. तिथे गाणं-ओरडणं पहारेकऱ्यांना चालत नाही, म्हणून तिने साध्या आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू केला. सातवर येऊन ती अडखळली आणि “दोनशे तेरा” म्हणाली. वरून आजीचा आवाज आला, “दोनशे तीन!” त्या दगडी बांधकामाचं कौतुक कुठल्याही मार्गदर्शकाला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

ऑलिंपिया सपाट आहे, गर्द झाडीचं आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांना सगळ्यात सोपं. प्राचीन खेळांची सुरुवात परंपरेने इसवी सनपूर्व ७७६ धरतात. धावण्याची पट्टी १९२ मीटरची, सुरुवातीची दगडी रेघ अजून जागेवर आहे. मुलांना तिथे पळू द्यावं. संग्रहालयात मग ती शांत चालतात.

तिथून उत्तरेला रिओचा पूल. २०००च्या दशकातल्या युरोपातल्या मोठ्या बांधकामांपैकी हा एक. लांबी २,८८० मीटर, ऑगस्ट २००४मध्ये, अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर खुला झाला. भूकंपाचा पट्टा आणि खाली मऊ तळ, म्हणून त्याचे खांब खडीच्या थरावर नुसते टेकवलेले आहेत. धरणीकंपात ते थोडे सरकू शकतात. टोल भारी आहे, पण तो द्यावा. पैसे वाचवायचे असतील तर खालून गाड्या नेणारी बोटही चालते.

पलीकडे समुद्राकाठाने गॅलक्सिडी हे जुन्या दर्यावर्दी लोकांचं गाव लागतं, मग इतेआच्या मागे लाखो ऑलिव्हच्या झाडांचं खोरं, आणि वर पार्नासस पर्वताच्या कुशीत डेल्फी. डेल्फीला चढ आहे. सासूबाई संग्रहालयात थांबल्या आणि त्यांचं काही चुकलं नाही, कारण काशाचा सारथी तिथेच आहे. जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीचा पुतळा, तरी तांब्याच्या पापण्या आणि जडवलेले डोळे शाबूत आहेत.

मेटेओराच्या उभ्या सुळक्यांवरचे सहा मठ आजही नांदते आहेत. रोज सगळे उघडे नसतात, सुट्टीचे वार मठागणिक बदलतात. मोठ्या मेटेओरोला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सेंट स्टीफनच्या मठात जावं. तिथे छोट्या पुलावरून सरळ आत जाता येतं. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही, स्त्रियांना स्कर्ट लागतो. माझ्या सलवारीवर गुंडाळायला दारात कापड दिलं, सासूबाईंच्या नऊवारीकडे कुणी बोट दाखवलं नाही.

परतीला थर्मोपिलीपाशी थांबायचं असेल तर मुलांना आधीच सांगून ठेवा: इसवी सनपूर्व ४८०च्या लढाईतली ती अरुंद खिंड आता दिसत नाही. नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे गेला आहे. उरलाय तो तिथे लढलेल्या राजा लिओनिदासचा पुतळा, आणि जवळच गंधकाच्या गरम पाण्याचे झरे.

जेवणाचं काय?

शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी राहत नाही. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवासाचे दिवस वर्षात खूप असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे भाजी-कडधान्यांचा स्वयंपाक तिथे मुरलेला आहे. खानावळीत, म्हणजे टॅव्हर्नात, ‘नीस्तीसिमो’ एवढं विचारलं की असे पदार्थ दाखवतात. मात्र त्यात कोळंबी-कालवं चालतात, तेवढं स्पष्ट करून घ्यावं. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि सिमला मिरची म्हणजे येमिस्ता, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात म्हणजे दोल्मादेस, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगांदेस. पिवळ्या डाळीची घोटलेली ‘फावा’ कांदा आणि ऑलिव्हच्या तेलासह येते. सासूबाईंनी चाखून ती घट्ट वरणाच्या रांगेत बसवली, वर स्वतःच्या डबीतलं तिखट घातलं आणि रोज तेच मागवलं. पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात. रात्रीचं जेवण तिथे नऊनंतर, पण सात वाजता गेलात तर जागा मोकळी मिळते आणि मुलं पेंगत नाहीत.

दुपारी तीन ते साडेपाच हा उन्हाळ्यात शांततेचा वेळ मानतात. गावांत बरीच दुकानं बंद होतात, मोठ्याने बोललेलं आवडत नाही. त्या वेळी आपणही झोपावं. सकाळी आठला अवशेष, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्र किंवा गावाचा चौक, हा दिनक्रम तिथल्या लोकांनी हवामान पाहून बसवलेला आहे.

निघण्यापूर्वी

एक तयारी फुकटात होते. आम्ही मुलांना नाशिकच्या पांडवलेण्यांत घेऊन गेलो होतो. १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे: दत्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. योनक म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातही अशा यवन दात्यांचे लेख खांबांवर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ती माणसं आपल्या डोंगरात येऊन दान देऊन गेली, हे कळल्यावर अथेन्स मुलांना परकं वाटलं नाही.

फोनमध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक नोंदवून ठेवा. वणव्याचे इशारेही त्याच यंत्रणेतून मोबाइलवर येतात. हॉटेलच्या भाड्याखेरीज दर खोलीला दर रात्री सरकारी पर्यावरण शुल्क काउंटरवर भरावं लागतं, ते हिशेबात धरा. गाडी चालवायची नसेल तर केटेल नावाच्या बसगाड्या बहुतेक गावांना जातात. त्या स्वस्त आहेत, पण म्हाताऱ्यांना बॅगांसह जड पडतात.

पाच माणसांना गाडी, टोल आणि पेट्रोल मिळून पडणारा खर्च वाटून घेतला, तर कंपनीच्या बससहलीपेक्षा तो फार वेगळा येत नाही, आणि कुठे थांबायचं ते आपल्या हाती राहतं. म्हणून सांगते: व्हिसाच्या भेटीची वेळ जानेवारीतच घ्या, ऑटोमॅटिक गाडी तेव्हाच नोंदवा, आणि वहीत लिहिलेल्या ठिकाणांपैकी निम्मी आज खोडून टाका. घरच्या ज्येष्ठांना मात्र खोडू नका. नीट आखलं तर हा प्रवास त्यांना झेपतो.